तोड

तोड : उभे झाड, झाडाची फांदी किंवा जाड कांड्याची वनस्पती हत्याराच्या घावाने तिच्या बुडख्यापासून विलग करण्याची क्रिया. ‘तोडणी’ हे याच क्रियेचे दुसरे नाव असून ते प्रामुख्याने हंगामी व संघटित कामास लावतात. लाकूड मिळविण्यासाठी केलेल्या तोडीस लाकूडतोड म्हणतात. तोडावयाच्या झाडांची निवड, ती पाडणे, फांद्या छाटणे, ओंडके करणे व ते रस्त्यापर्यंत ओढून आणणे ही सर्व कामे व्यवहारात या एकाच संज्ञेखाली येतात. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत मात्र ‘तोड’ म्हटल्यावर आज लाकूड नव्हे, तर ऊस डोळ्यांसमोर येतो. शब्दाचे हे स्थलांतर तेथील भूमी, पाणी व श्रम यांच्या गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या इतिहासाशी निगडित आहे.

व्युत्पत्ती : संस्कृतमधील ‘त्रुट्’ (तुटणे) हा धातू या शब्दाच्या मुळाशी आहे. त्याच्या ‘त्रुट्यति’ या रूपापासून प्राकृत ‘तुट्टइ’ व त्यावरून मराठी ‘तुटणे’ हे अकर्मक क्रियापद आले. तर ‘त्रोटयति’ या प्रयोजक रूपापासून प्राकृत ‘तोडइ’ व मराठी ‘तोडणे’ हे सकर्मक क्रियापद सिद्ध झाले. तूट, तुटवडा, तुटपुंजा, तोडगा हे शब्द याच गोतातील असून ‘त्रुटी’ हा संस्कृत शब्दही मराठीत स्वतंत्रपणे रूढ आहे. हिंदी व गुजराती या भाषांतही हे क्रियापद आहे. परंतु तेथे त्याचा मुख्य अर्थ मोडणे वा फोडणे असा आहे. मराठीने मोडणे, फोडणे व तोडणे यांची वाटणी काटेकोरपणे केली. काठी मोडते, मडके फुटते, दोर मात्र तुटतो. ज्याचा एक भाग दुसऱ्याशी जडलेला आहे, तो जोड नाहीसा करणे हा मराठी ‘तोडणे’चा गाभा आहे. म्हणूनच संबंध, पाश, नाते यांच्या संदर्भातही हेच क्रियापद येते. नाश हा या शब्दाचा मूळ अर्थ नव्हे. वियोग हा आहे.

‘लाकूड’ हा शब्द संस्कृत ‘लकुट’ (सोटा, दंडा) व प्राकृत ‘लक्कुड’ यांवरून आला आहे. ‘कापणे’ हे क्रियापद ‘कल्पयति’वरून आले असून ते धारेने सरळ छेद घेण्यास लावतात. ‘पाडणे’ यात झाड भुईवर येणे अभिप्रेत आहे, ‘छाटणे’ यात वरचा वा बाजूचा भाग कमी करणे. झाड पाडले म्हणजे ते उभे राहिले नाही हे नक्की; झाड तोडले म्हणजे काय झाले, हे मात्र संदर्भावरून ठरते. बुंधा तोडला की फांदी, हे शब्द सांगत नाही. तोडण्याच्या मजुरीस तोडणावळ, तोडणाऱ्यास लाकूडतोड्या, तर ऊस तोडणाऱ्यास तोडकरी म्हणतात.

क्रियापदांची वाटणी : शेतकऱ्याच्या बोलीत प्रत्येक पिकाच्या काढणीस ठरावीक क्रियापद असते. गवत कापतात, भाजी खुडतात, कापूस वेचतात, हरभरा उपटतात, ज्वारी काढतात, आंबे उतरवतात. झाड व ऊस यांना मात्र ‘तोडणे’ हेच क्रियापद लागते. ऊस हा वनस्पतिशास्त्रदृष्ट्या गवताच्या कुलातील (तृण कुल) असूनही तो ‘कापणे’ या क्रियापदाच्या कक्षेत गेला नाही, याचे कारण कामाच्या पद्धतीत आहे. गवत मुठीत धरून विळ्याने ओढून कापले जाते. उसाचे कांडे मात्र लाकडाप्रमाणे घाव घालूनच विलग करावे लागते. हत्यार व हालचाल यांवरून भाषेने उसाला झाडांच्या पंक्तीत बसविले.

लाकूडतोड, जंगलतोड व वृक्षतोड : हे तीन सामासिक शब्द वरवर समानार्थी वाटतात, त्यांचा रोख मात्र वेगळा आहे. ‘लाकूडतोड’ या शब्दात जे हाती येते त्याचा उल्लेख आहे; तो कामाचा व उपजीविकेचा शब्द आहे. कुऱ्हाड पाण्यात पडलेल्या प्रामाणिक लाकूडतोड्याची इसापची गोष्ट मराठी मुलांना परिचित आहे. तिच्यात त्या व्यवसायाविषयी कसलाही दोषभाव नाही. ‘जंगलतोड’ या शब्दात जे क्षेत्र उघडे पडते त्याचा निर्देश होतो. ‘वृक्षतोड’ हा संस्कृत व देशी घटकांचा संमिश्र समास असून त्यात जे गमावले त्याचे नाव घेतले जाते. वृत्तपत्रे, निवेदने व शासकीय परिपत्रके यांतून तो मुख्यतः निषेधाचा शब्द म्हणून येतो. एकच घाव तिन्ही शब्दांनी सांगता येतो. बोलणारा कोणता शब्द निवडतो, त्यावरून तो तोडीकडे कोणत्या बाजूने पाहतो हे कळते.

तोडीवर मर्यादा असावी हा विचार मराठीत जुना आहे. रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात (इ. स. १७१६ च्या सुमारास) आरमाराच्या प्रकरणी लाकूड कसे मिळवावे याचे विवेचन आहे. जहाजांसाठी सागवानासारखी झाडे परवानगीने तोडावीत. आंबा व फणस यांचेही लाकूड आरमाराच्या उपयोगाचे असले, तरी ती झाडे वाढण्यास दीर्घ काळ लागतो व रयतेने ती जिवापाड जपलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये. एखादे जीर्ण झाड घ्यावयाचेच असल्यास मालकाला राजी करून व मोबदला देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. झाडाचे मोल केवळ लाकडात नसून ते वाढविण्यास लागलेल्या काळात व मायेत आहे, ही जाणीव येथे स्पष्ट दिसते.

वनशास्त्रातील संज्ञा : एकोणिसाव्या शतकात वन खाते स्थापन झाल्यावर तोडीची पारिभाषिक परिभाषा तयार झाली. ठरविलेल्या क्षेत्रातील सर्व झाडे एकाच वेळी काढणे म्हणजे साफतोड. पक्व झाडे निवडून काढणे म्हणजे निवडतोड. दाटी कमी करून उरलेल्या झाडांना वाव देण्यासाठी केलेली तोड म्हणजे विरळणी होय. एका वर्षाच्या तोडीसाठी आखून दिलेल्या वनखंडास ‘कूप’ म्हणतात. विहीर या अर्थाच्या संस्कृत ‘कूप’ शब्दाशी त्याचा संबंध नाही. ‘कापणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून बनलेली ही संज्ञा वनाधिकाऱ्यांच्या इंग्रजीतून मराठीत आली. तत्कालीन मुंबई राज्यात १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था स्थापन होऊ लागल्या व कूप ठेकेदाराऐवजी संस्थेकडे देण्याची पद्धत पडली. तेव्हापासून हा शब्द सह्याद्रीच्या व सातपुड्याच्या आदिवासी बोलींतही रुळला. बारामती व इंदापूर हे पर्जन्यछायेतील तालुके. तेथे सागाची वने नाहीत, त्यामुळे कुपाचा शब्द तेथील गावकऱ्याच्या तोंडी सहसा येत नाही.

झाड पाडण्याची रीत सर्वत्र सारखीच आहे. ज्या बाजूला झाड पडावयास हवे, त्या बाजूस बुंध्यावर प्रथम खाच घेतात. नंतर विरुद्ध बाजूने, खाचेपेक्षा किंचित वर, कुऱ्हाडीने वा करवतीने छेद घेतात. दोहोंमध्ये लाकडाची पट्टी राखली जाते. ती बिजागरीचे काम करते व झाड ठरलेल्या दिशेने झुकते. ज्या जातींना खुंटापासून पुन्हा फुटवे येतात, त्यांचा बुंधा जमिनीलगत, उतरता व साल न फाटता तोडणे आवश्यक असते. खुंट उंच राहिल्यास फुटवे कमकुवत होतात. छेद चिरफळल्यास त्यात पाणी मुरून खुंट कुजतो. तोड ही झाडाचा शेवट आहे की पुढच्या वाढीचा आरंभ, हे पुष्कळदा या एका घावावर अवलंबून असते.

बाभळीचा प्रदेश : भीमा व नीरा या नद्यांच्या दरम्यान असलेल्या बारामती–इंदापूरच्या पट्ट्यात वर्षाला सरासरी सु. ५०० मिमी. पाऊस पडतो व तोही बेभरवशाचा असतो. माळरानावर गवत व काटेरी झुडपे, तर नदीकाठच्या व ओढ्याकाठच्या काळ्या जमिनीत बाभूळ ही येथील नैसर्गिक वनस्पती होय [⟶ बाभूळ]. इमारती लाकूड पश्चिमेकडून येई. गावच्या रोजच्या गरजा बाभूळ भागवीत असे. गाडीच्या चाकाचे तुंबे व आरे, नांगर, कुळव, हत्यारांचे दांडे यांसाठी तिचे जड व चिवट लाकूड वापरीत. सालीचा उपयोग कातडी कमावण्यासाठी, शेंगांचा शेळ्यामेंढ्यांच्या चाऱ्यासाठी, काट्यांचा कुंपणासाठी होई. तोडलेले ओंडके काही काळ पाण्यात बुडवून ठेवीत. त्यामुळे लाकडाला किडीचा उपद्रव कमी होतो. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण बाभळीच्या दांड्याने बाभूळ तोडणाऱ्या या प्रदेशात शब्दशः खरी होती.

येथे तोड म्हणजे बव्हंशी फांदीतोड असे. दुष्काळात शेळ्यांसाठी डहाळ्या पाडणे, कुंपणासाठी फास घेणे, सरपणाची मोळी बांधणे यांसाठी झाड उभे राखून घाव घातला जाई. बाभळीला खुंटापासून जोमदार फुटवा येत नाही. तिचे पुनरुत्पादन मुख्यतः बियांपासून होते आणि शेळ्यांच्या पोटातून गेलेले बी चांगले उगवते. त्यामुळे समूळ तोड व चराई यांचा मेळ बसला तरच बाभुळबन टिकत असे. विलायती बाभळीचा (हिला काही ठिकाणी वेडी बाभूळही म्हणतात) स्वभाव याच्या उलट आहे. मूळच्या अमेरिका खंडातील या झुडपाला तोडल्यावर अधिकच फुटवे येतात. पडीक जमिनी, ओढ्यांचे काठ व १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयाभोवतीच्या जमिनी यांवर ते सहज पसरते. त्याचे लाकूड कोळशास उत्तम ठरते. रायगड जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर घाटावर येऊन कोळसा पाडण्याचे काम करीत आली आहेत. त्यांच्या श्रमाला ‘लाकूडतोड’ हे नाव क्वचितच मिळते. त्यांना ‘कोळशावर आलेले’ असे संबोधले जाते.

माळरानाच्या बाबतीत आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य (१९९७) हे सु. ५ चौ. किमी. क्षेत्राचे गवताळ वन असून चिंकारा हा तेथील प्रमुख प्राणी आहे. अशा वनाची हानी झाडे तोडून होत नाही. नांगरट, खोदकाम किंवा अयोग्य जागी दाट वृक्षलागवड यांमुळे ती होते. तेव्हा वनाचा ऱ्हास म्हणजे वृक्षतोड, हे समीकरण या प्रदेशास पुरेसे पडत नाही.

लाकडाकडून उसाकडे : वेळवंडी नदीवरील भाटघर धरणाच्या पाण्यावर नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला व बारामती–इंदापूरच्या कोरडवाहू जमिनीत बारमाही पाणी आले. १९२८ मध्ये भाटघरचे नवे, मोठे धरण पूर्ण झाल्यावर ऊस हे कालव्यावरील प्रमुख पीक बनले. आरंभी गूळ करीत. रस काढण्याचा घाणा लाकडी असून त्याच्या उभ्या लाटा बाभळीच्या असत व त्यांना नवरा-नवरी म्हणत. लोखंडी चरक आल्यावर या लाटांची गरज संपली. १९३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर येथे साखर कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्योत्तर काळात माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर इ. ठिकाणी सहकारी कारखाने निघाले.

पीक बदलले, तरी त्याच्या कामाचे शब्द शेतकऱ्याने जुन्या जीवनातूनच घेतले. सरपणाच्या भाऱ्याला ‘मोळी’ म्हणत. उसाच्या भाऱ्यालाही तेच नाव मिळाले व कारखान्याचा गळीत हंगाम मोळी टाकून सुरू करण्याचा प्रघात पडला. ती जेथे टाकतात त्या जागेस, जनावराच्या वैरणीच्या जागेवरून, ‘गव्हाण’ म्हणतात. झाडाच्या ‘खोडा’वरून, तोडणीनंतर बुडख्यातून वाढणाऱ्या दुसऱ्या पिकास ‘खोडवा’ हे नाव पडले. त्यानंतरच्या पिकास निडवा म्हणतात. वनशास्त्रातील खुंटाचा नियम येथेही लागू पडतो. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. कारण कांड्याच्या बुडाशी साखरेचे प्रमाण अधिक असते व जमिनीखालच्या डोळ्यांपासून आलेला खोडवा सशक्त असतो. उंच राखलेले बुडखे नंतर छाटून घ्यावे लागतात. वाढे गुरांना जातात, पाचट शेतात कुजविणे हितकर असते. [⟶ ऊस].

श्रमाची परिभाषा : ऊसतोडणीच्या हंगामात मुख्यतः बीड, अहिल्यानगर व त्यालगतच्या अवर्षणप्रवण भागांतून तोडकऱ्यांच्या टोळ्या येतात. टोळीचा प्रमुख मुकादम असतो. तो पावसाळ्यापूर्वी मजुरांना आगाऊ रक्कम देतो. तिला उचल म्हणतात. ही उचल हंगामभर काम करून फेडावी लागते. श्रमाचे एकक ‘कोयता’ हे आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी व अर्धा कोयता म्हणजे एक माणूस. तोडण्याचा घाव सामान्यतः पुरुष घालतो. पाचट काढणे, मोळी बांधणे, ती डोक्यावरून गाडीपर्यंत नेणे ही कामे बहुशः स्त्रियांकडे असतात. मजुरी टनावर व जोडीच्या नावे मोजली जात असल्याने स्त्रीच्या कामाचा वेगळा हिशेब राहत नाही. हत्याराच्या नावाने माणूस मोजण्याची ही रीत केवळ बोलीभाषेची गंमत नव्हे. कोणाचे श्रम नोंदले जातात व कोणाचे नाहीत, हे तिच्यावरून ठरते. तोडकऱ्यांच्या मुलांसाठी साखरशाळा चालविण्याचे प्रयत्न झाले; ऊसतोड कामगारांसाठी शासनाने २०१९ मध्ये लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावे कल्याण महामंडळ स्थापन केले. यंत्राने तोडणी आता वाढत असली, तरी लहान व ओल्या शेतांत कोयता टिकून आहे.

कायद्यातील अर्थ : बोलीत संदिग्ध असलेला शब्द कायद्यात निश्चित करावा लागतो. राखीव वनातील तोड भारतीय वन अधिनियम, १९२७ या कायद्याखाली येते. खाजगी जमिनीवरील झाडांसाठी महाराष्ट्राने झाडे तोडण्याचे विनियमन करणारा अधिनियम १९६४ मध्ये केला. त्याच्या अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा, फणस, हिरडा, खैर, चंदन, ऐन, जांभूळ इ. झाडे आहेत, ती तोडण्यास पूर्वपरवानगी लागते. आज्ञापत्रातील आंबा व फणस येथे पुन्हा भेटतात. बाभळीला मात्र मूळ अनुसूचीत स्थान मिळाले नाही. ज्या प्रदेशाची लाकडाची गरज पिढ्यान्‌पिढ्या बाभळीने भागविली, तेथील बांधावरचे हे झाड अशा रीतीने संरक्षणाबाहेर राहिले. महानगरपालिका व नगरपरिषदा यांच्या क्षेत्रांसाठी १९७५ मध्ये झाडांच्या संरक्षणाचा स्वतंत्र अधिनियम झाला. त्यात झाड तोडणे या संज्ञेत ते जाळणे, कापणे किंवा त्यास कोणत्याही प्रकारे इजा पोचविणे यांचा समावेश केला आहे. म्हणजे बारामती वा इंदापूर शहरात झाडाच्या बुंध्याशी आग लावून ते वाळविणारा ‘मी झाड तोडले नाही’ असे म्हणू शकत नाही, जरी मराठी भाषेच्या दृष्टीने त्याचे विधान बरोबर असले तरी.

शब्दार्थाचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशातही दिसून आले. ‘वन’ हा शब्द त्याच्या कोशातील अर्थाने घ्यावा, जमिनीची मालकी कोणाचीही असो, असे न्यायालयाने त्यात ठरविले आणि केंद्र शासनाने मान्य केलेल्या कार्य आयोजनेखेरीज वनांतील झाडतोड थांबविण्यास सांगितले. एका शब्दाच्या अर्थावरून देशभरातील कुऱ्हाडी थांबल्याचे हे ठळक उदाहरण होय.

मूल्यमापन : तोडीला चांगली वा वाईट ठरविण्यापूर्वी काय तोडले, कोठून तोडले, मागे काय राहिले व ते पुन्हा फुटेल काय, हे चार प्रश्न विचारावे लागतात. बाभळीची फांदी, विलायती बाभळीचा खुंट, उसाचे कांडे व माळावरचा एकाकी वृक्ष यांना मराठीत एकच क्रियापद लागते. त्यांचे परिणाम मात्र वेगवेगळे असतात. शिवाय तोड करणारा हातही त्या शब्दात दडलेला असतो. बारामती व इंदापूर येथील अनुभवावरून असे दिसते, की ‘तोड’ या शब्दाचा पूर्ण अर्थ कोशात सापडत नाही. तो मागे राहिलेल्या बुडख्यावरून व घाव घालणाऱ्याच्या पदरात काय पडले त्यावरून समजतो.